गोडबोल्यांनी पाहिलेली फुटबॉलची स्थळं

किस्से कुणी जमवत नाही, ते साचतात. तीन मराठी पुरुषांना परदेशात एका मजल्यावर ठेवा, तिघांत एकच स्वयंपाकघर द्या आणि रविवारी गावातली सगळी दुकानं बंद करा. सहा महिन्यांत किस्स्यांना ठेवायला जागा उरत नाही. आमचं तसंच झालं. साठीच्या दशकाची सुरुवात, गाव कायझर्सलाउटर्न. मी आणि प्रभू एका यंत्रांच्या कारखान्यात ट्रेनी. गोडबोले आमच्याहून वयाने मोठे, पुण्याचे, त्याच कारखान्यात संख्याशास्त्रावर संशोधन करायला आलेले. घरमालकीण फ्राऊ बेकर मधल्या मजल्यावर, आम्ही तिच्या वर, आणि तिच्या खाली सार्जंट हॉपकिन्स.

गावात अमेरिकन फौज होती आणि फौजेला दोनच चिंता होत्या. एक रशियन, दुसरी कॉलेज फुटबॉल. रशियन काही आले नाहीत, त्यामुळे सगळा जोर फुटबॉलवर होता.

*

हॉपकिन्सनं गोडबोल्यांना पहिल्यांदा जिन्यात पकडलं. त्यांच्या एका हातात आकडेमोडीची पट्टी, म्हणजे स्लाइडरूल होती आणि दुसऱ्या हातात आलेखाची गुंडाळी.

"तुम्ही आकड्यांवरून पुढचं सांगता म्हणे?"

"मशीनचं सांगतो," गोडबोले म्हणाले.

"मग फुटबॉल टीमचं सांगा. सप्टेंबरात सीझन सुरू होतोय. आमची अख्खी पलटण पैजा लावून बसते. कॉफीचे डबे, पहाऱ्याची पाळी, शनिवारची सुट्टी, काय वाटेल ते लावतात. त्याआधी कोणती टीम कशी आहे हे कुणी नीट लिहून दिलं तर बरं होईल."

"पण मी तो खेळ कधी बघितलेला नाही."

"फारच छान. ज्यांनी बघितलाय ते सगळे आपापल्या गावच्या कॉलेजकडून बोलतात."

संध्याकाळी हॉपकिन्स मासिकांचा आणि वर्तमानपत्रांचा ढीग वर आणून टाकून गेला. आम्ही फोटो बघत बसलो. शिरस्त्राणं घातलेले धिप्पाड गडी एकमेकांच्या अंगावर पडलेले आणि चेंडू एकाच्या काखेत.

"याला फुटबॉल का म्हणतात? पाय लागतो का चेंडूला?" प्रभूनं विचारलं.

गोडबोल्यांनी पुढची चार पानं उलटून बघितली. "क्वचित," ते म्हणाले.

*

गोडबोल्यांनी पाठच्या तीन बहिणींची लग्नं जमवली होती. कधी न बघितलेल्या घराबद्दल घरबसल्या अंदाज कसा बांधायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घराणं कसं आहे, कर्ता कोण, त्याचा स्वभाव कसा, मुलात काही खोट आहे का आणि मंडळी काय लपवताहेत. त्याच प्रश्नांनी त्यांनी अमेरिकेतल्या टीम तपासायला घेतल्या. स्लाइडरूल मासिकं उडू नयेत म्हणून वर ठेवली होती, तेवढाच तिचा उपयोग.

ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायचो. अजून आठवतंय.

"घराणं जुनं, नाव मोठं. पण यंदा मिळवती मुलं पास होऊन बाहेर पडली. मागे राहिली ती कोवळी. थोरल्यांच्या नावावर फार दिवस निघणार नाहीत."

"कोच तापट आहे, पण शब्दाचा पक्का. मुलं धाकात आहेत. बोलणी पुढे न्यायला हरकत नाही."

आणि एका टेक्सासच्या टीमबद्दल, जिच्यावर निम्मी पलटण पैज लावणार होती, "मुख्य मुलाचा फोटो प्रत्येक अंकात बसलेलाच का? उभा का दाखवत नाहीत? गुडघ्याची चौकशी करावी."

पलटण पोट धरून हसली. सीझनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या मुलाला गुडघ्यासाठी हॉस्पिटलात नेलं, आणि सोमवारपासून रस्त्यात भेटणारे सोल्जर गोडबोल्यांना सलाम ठोकायला लागले.

*

घोळ झाला तो हॉपकिन्सच्या स्वतःच्या टीमचा. त्याच्या गावचं कॉलेज कॅन्ससकडे कुठेतरी होतं. त्याचा बाप तिथे खेळलेला, भाऊ तिथे खेळलेला. एक जानेवारीला तिकडे मोठा सामना असतो, मोजक्याच टीमना त्याचं आमंत्रण येतं. हॉपकिन्सच्या टीमला ते कधीच आलेलं नव्हतं, आणि यंदा येणार असं तो सगळ्या पलटणीला सांगत सुटला होता.

गोडबोल्यांनी लिहिलं, "माणसं चांगली, पण कर्ता नवा आणि भावाभावांत पटत नाही. आमंत्रण येणार नाही."

मी म्हटलं, "गोडबोले, हे जरा मऊ करूया का?"

"स्थळाबद्दल खोटं सांगितलं तर शाप लागतो," ते म्हणाले. मी निमूटपणे टाइप केलं.

हॉपकिन्सनं वाचलं. तो चिडला नाही, आणि तेच वाईट. तो शांतपणे म्हणाला, "प्रोफेसर, तुम्हाला माझी जागा हवी आहे ना?"

हवी होती, फार हवी होती. गोडबोल्यांची बायको, विमलवहिनी, नोव्हेंबरात बोटीनं यायची होती. आमच्या मजल्यावर त्यांना ठेवायला फ्राऊ बेकर तयार नव्हती. "एका स्वयंपाकघरात तीन पुरुष आणि एक बाई? नाईन, नाही. फार तर ख्रिसमसपर्यंत." गावात जागा मिळत नव्हत्या. दारात आमचा चेहरा दिसला की खोली नुकतीच गेलेली असायची. हॉपकिन्स मात्र जानेवारीत अमेरिकेला परतणार होता. खालच्या दोन खोल्या, स्वतंत्र चूल, आत न्हाणीघर. फ्राऊ बेकरचा त्याच्यावर इतका विश्वास की तो सुचवेल त्याला ती जागा देणार होती. एका कॉर्पोरलनं आधीच त्याच्याकडे शब्द टाकून ठेवला होता.

"आमंत्रण आलं नाही तर तुमचं नाव सांगतो," हॉपकिन्स म्हणाला. "आलं तर कॉर्पोरलचं."

गोडबोल्यांनी हात पुढे केला. त्या क्षणापासून त्या माणसाची झोप उडाली.

*

या प्रसिद्धीचा एक त्रास झाला. आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला जर्मन फुटबॉलवर दर आठवड्याला टोटो नावाची पैज लावायचा. प्रोफेसरची कीर्ती त्याच्या कानावर गेली. सकाळी दुकान भरलेलं असताना त्यानं विचारलं, "हेर गोडबोले, आपल्या गावच्या टीमचं यंदा काय?"

गोडबोल्यांना मऊ करता येत नाही हे मी सांगितलंच. ते म्हणाले, "घराणं उत्तम. पण थोरला मुलगा आता थकला, आणि धाकट्याला अजून जबाबदारी कळत नाही."

दुकान गार पडलं. त्या गावात तुम्ही पोपबद्दल काहीही बोलू शकता, पण गावच्या टीमबद्दल नाही. एका म्हातारीनं रांगेतली आपली जागा सोडली आणि ती बाहेर निघून गेली.

टीम पुढचा सामना हरली. त्या सकाळपासून बोलणं टाकलेला बेकरीवाला गोडबोल्यांशी पुन्हा बोलायला लागला. पण ब्रेड मात्र आम्हाला पुढे वर्षभर कालचाच मिळाला.

*

एकदा हॉपकिन्स आम्हाला पलटणींच्या आपसातल्या सामन्याला घेऊन गेला. ज्या खेळावर आपण इतकं लिहिलं तो निदान बघावा म्हणून गोडबोले आले. थंडी मरणाची. खेळाडू दहा सेकंद धावायचे, मग रिंगण करून, डोकी एकत्र करून काहीतरी कुजबुजत उभे राहायचे. परत दहा सेकंद, परत कुजबुज.

"हे सारखे काय ठरवताहेत?" गोडबोल्यांनी विचारलं.

"पुढे काय करायचं ते," हॉपकिन्स म्हणाला.

"आणि आत्ता काय करताहेत ते?"

"ते आधीच्या वेळी ठरलं."

परत येताना बसमध्ये गोडबोले म्हणाले, "माझंही तसंच झालंय रे. विमलची बोट ठरवताना जागा मिळेल असं धरून चाललो होतो. आता तिकीट निघालं आणि मी अजून डोकं खाली घालून उभा आहे."

प्रभू एरवी कशावरही कोटी करतो. त्या दिवशी त्यानं आपला मफलर काढून गोडबोल्यांच्या गळ्यात टाकला.

*

ऑक्टोबरपासून आमच्या रविवारांची रयाच गेली. सामने शनिवारी व्हायचे आणि निकाल रविवारी सकाळी अमेरिकन सैन्याच्या रेडिओवर लागायचे. रेडिओ हॉपकिन्सचा. आम्ही जर्मन रव्याचा उपमा घेऊन खाली जायचो. तो कॉफी करायचा. एकमेकांचं वाईट चिंतणारी दोन माणसं इतक्या सभ्यपणे एका टेबलाशी बसलेली मी पुन्हा बघितली नाहीत.

हॉपकिन्सची टीम जिंकत सुटली. भावाभावांत पटायला लागलं होतं म्हणे. गोडबोले दर वेळी म्हणायचे, "अभिनंदन." मग वर येऊन खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालायचे. खालून फ्राऊ बेकर काठीनं छत ठोकायची. ते थांबायचे, खुर्चीत बसायचे आणि पाय हलवायला लागायचे. मला स्वतःला त्या दिवसांत कारखान्यात एक स्क्रू सरळ बसवता येत नव्हता. कॅन्सस कुठे, सदाशिव पेठ कुठे आणि मी कुठे, पण शनिवार आला की मी सारखा घड्याळाकडे बघायचो.

प्रभूला एकदा राहवलं नाही. "गोडबोले, पत्रात वहिनींना काय लिहिता?"

"जागा बघतोय असं लिहितो. खोटं नाही. दर रविवारी खाली उपमा घेऊन जातो तेव्हा बघतोच."

*

वहिनी आल्या त्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. नेमका त्याच आठवड्यातल्या शनिवारी हॉपकिन्सच्या टीमचा शेवटचा सामना. जिंकले तर आमंत्रण नक्की. हरले तर जागा आमची.

स्टेशनवरून आलो तेव्हा दारात हॉपकिन्स उभा होता. त्यानं वहिनींची ट्रंक एकट्यानं वरपर्यंत नेली, टोपी काढली आणि तोडकंमोडकं काहीतरी बोलला. वहिनींना इंग्रजी बेताचं, पण माणसं चांगली कळायची. त्यांनी खुणेनं विचारलं, तब्येत बरी नाही का? तो म्हणाला, उद्या माझ्या टीमची मोठी मॅच. तेवढं त्यांना समजलं. पैजेचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी कारखान्यातून परत येतो तो खिडकीत फ्राऊ बेकरचं सुपाचं मोठं वाडगं. त्यात पाणी आणि पाण्यात वहिनींनी पुण्याहून आणलेले देव, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती. वर एक पिवळं फूल.

"अगं, देव पाण्यात कशासाठी?" गोडबोले म्हणाले.

"खालच्या साहेबांच्या टीमसाठी. बिचारे किती घाबरलेत. परक्या गावात माझी ट्रंक उचलायला तेच आले ना?"

गोडबोले त्यांच्यासमोर ट्रंकेवर बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. पैज, जागा, कॉर्पोरल, ख्रिसमसची मुदत. आम्ही दोघं भिंतीकडे बघत उभे होतो.

"म्हणजे ते जिंकले तर आपल्याला घर नाही?" वहिनी म्हणाल्या.

"नाही."

"मला आधी लिहायचंत."

"तू बोट रद्द केली असतीस."

वहिनी वाडग्याकडे बघत राहिल्या. प्रभू हळूच म्हणाला, "वहिनी, अजून सामना सुरू झालेला नाही. देव बाहेर काढून ठेवले तर?"

"एकदा ठेवलेले देव काम झाल्याशिवाय काढत नाहीत, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

रविवारी सकाळी आम्ही खाली गेलो नाही. जायची गरजही पडली नाही. जिन्यात बुटांचा असा आवाज झाला की फ्राऊ बेकर मधल्या मजल्यावर दार उघडून उभी राहिली. हॉपकिन्स धापा टाकत आमच्या दारात आला. जिंकले होते. आमंत्रण आलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि गोडबोल्यांच्याही.

"अभिनंदन," गोडबोले म्हणाले.

वहिनींनी पदर खोचला, कोरडा रुमाल घेतला आणि बाळकृष्ण पाण्यातून उचलायला हात घातला. हॉपकिन्सनं विचारलं, हे काय? मी सांगितलं. कुणासाठी, तेही सांगितलं. तो त्या वाडग्याकडे बघतच राहिला. मग त्यानं टोपी काढली, काहीतरी सुचून बूटही काढले आणि घाईनं म्हणाला, "थांबा, त्यांना काढू नका. एक जानेवारीचा सामना बाकी आहे. तोवर राहू द्या. आणि इथे नको, खाली माझ्याकडे ठेवा. रेडिओ खाली आहे."

मी भाषांतर केलं. वहिनींनी हात मागे घेतला.

"त्यांना सांगा, ठेवते. पण रोज पाणी बदलावं लागतं, दोन्ही वेळा दिवा लागतो. देव खाली राहिले तर मला खाली राहायला हवं."

हॉपकिन्स लगेच म्हणाला, पुढची खोली तुम्हा दोघांना, मी मागच्या खोलीत झोपतो. फ्राऊ बेकर जिन्यातून म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर." तिला काय समजलं होतं देव जाणे. वहिनींनी वाडगं दोन्ही हातांनी उचललं आणि सांडू न देता जिना उतरायला लागल्या. मागे पायमोज्यांत हॉपकिन्स, हातात वहिनींची समई. त्याच्या मागे ट्रंक घेऊन गोडबोले, प्रभू आणि मी.

खालच्या दारापाशी हॉपकिन्स थबकला. त्याला कॉर्पोरल आठवला असावा. ओशाळून तो म्हणाला, "मॅडम, सामना झाला की देव पाण्यातून निघतील ना? मी जानेवारीत जाणार आहे, आणि ही जागा..."

मी भाषांतर केलं. वहिनी उंबरा ओलांडून आत गेल्या होत्या. त्यांनी वाडगं रेडिओशेजारी ठेवलं, फूल सरळ केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना विचारा, त्यांची टीम पुढच्या वर्षीसुद्धा खेळणार आहे ना?"