करकरणारे बूट

गल्लीतले लोक त्याला उस्ताद म्हणत. बूट शिवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगत फिरे. माझा बूट घातलेला माणूस मांजराच्या पावलांनी चालतो, ही त्याची नेहमीची फुशारकी.

अशा माणसाकडे एक दिग्दर्शक आला आणि म्हणाला, "मला करकरणारे बूट हवेत." सिनेमा जुन्या हुकूमशहावर होता. "त्याचा चेहरा मी शेवटपर्यंत दाखवणार नाही. नुसते बूट वाजतील. बूट म्हणजेच भीती. भिंतीपलीकडून ऐकू आले पाहिजेत."

प्रतीक वगैरे उस्तादच्या डोक्यावरून गेलं, पण पडद्यावर नाव येणार म्हटल्यावर तो हरखला. अडचण एकच होती, बाबा. त्या राजवटीत बाबांनी तुरुंगवास भोगला होता. सुटून आल्यापासून त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"बाबांच्या कानावर यातलं काही जाता कामा नये," त्याने बायकोला बजावलं.

"मी कशाला सांगतेय? पोटात काही राहत नाही ते तुमच्या," ती म्हणाली.

सारी हयात करकर घालवण्यात गेलेली, ती आणायची कशी? बुटाच्या तळाच्या दोन थरांमध्ये कोरड्या चामड्याची पट्टी घातली, तेव्हा कुठे बूट बोलू लागले. दुपारी बाबा मुलीकडे जात. ती वेळ साधून उस्तादने बूट चढवले आणि दुकानातून घरात, थेट बाबांच्या खोलीपर्यंत रुबाबात चालत गेला. बायको स्वयंपाकघरात कान देऊन उभी होती. "येतोय आवाज," ती ओरडली. खूश होऊन त्याने दारापाशी टाच आपटली.

बाबा त्या दिवशी मुलीकडे गेलेच नव्हते. अंग कणकणतंय म्हणून खोलीत पडून होते. उस्तादने दार लोटलं, तर ते भिंतीकडे तोंड करून उभे, दोन्ही हात मानेमागे.

"बाबा, मी आहे," तो म्हणाला आणि पुढे झाला. बूट करकरले.

"साहेब," बाबा भिंतीकडेच बघत म्हणाले, "मला काय करायचं ते करा. माझा पोरगा लहान आहे हो. त्याला यातलं काही ठाऊक नाही."

उस्तादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे जावं तर बूट वाजणार, मागे फिरावं तरी वाजणार. तो होता तिथेच खाली बसला, नाड्या सोडल्या आणि अनवाणी बापाजवळ गेला. बाबांचे हात खाली घ्यायला मात्र बराच वेळ लागला.