शिल्लक दोन

धान्याच्या गोदामात तीस वर्षं वजनकाट्यावर बसलेल्या माणसाला सगळे काटाच म्हणत. पोतं दारातून आत येतानाच तो सांगे, "ओलं आहे. दीड किलो पाणी आहे यात." आणि तसंच निघे. पाव किलोची लबाडी त्याने कधी केली नाही, कुणाला करू दिली नाही. दिसेल त्या वस्तूचं वजन तो नजरेनेच सांगे. फक्त बायकोचं वजन अठ्ठावीस वर्षांत त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. तेवढं शहाणपण त्याच्यापाशी होतं.

तिच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, नंतर सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. पलंगावरून खुर्चीत उचलूनच ठेवायचं.

"परक्याचा हात मला लागायला नको," ती म्हणाली. "तुम्ही उचला. नाहीतर मी पलंगावरच बरी."

हातात दोन महिने होते. दुसऱ्यांनी उचललेलं मोजण्यात काट्याचा जन्म गेला होता. स्वतः त्याने पेनापेक्षा जड काही उचललेलं कुणी पाहिलं नव्हतं. तो व्यायामशाळेत गेला. शिकवणारी मुलगी त्याच्या भाचीच्या वयाची. तिने हातात लोखंड दिलं आणि सांगितलं, "काका, पार दम निघेपर्यंत उचलायचं नाही, अन् हसतखेळतही सोडायचं नाही. अजून दोनदाच जमेल असं वाटलं की थांबायचं. जास्त शिल्लक असेल तर मी वजन वाढवीन. म्हणून खरं सांगायचं."

काटा रोज जाई. दात-ओठ आवळी, असा कण्हे की शेजारचे वळून बघत. मग लोखंड खाली ठेवून घाम पुसे.

"किती शिल्लक, काका?"

"दोन."

दोन म्हणजे बरोबर. म्हणून ती वजन वाढवीना. दीड महिना गेला. घरी काटा दंड फुगवून दाखवी, बायको म्हणे, "हो हो, दिसतंय," आणि पुन्हा भाजी निवडायला लागे.

एके सकाळी व्यायामशाळेत त्या मुलीच्या लक्षात आलं की, काका कण्हता कण्हता खिडकीबाहेरच्या हातगाडीवरच्या कलिंगडांची वजनं सांगताहेत.

"काका, आज थांबू नका. मी जवळच उभी आहे. होईल तितकं उचला."

नेहमी थांबे तिथे त्याने तोंड वाकडं केलं, पण हात चालूच राहिले. आणखी दोन. पाच. नऊ. हात खरोखर थांबले ते चौदाव्यानंतर, आणि तेव्हा त्याच्या तोंडून आवाजही फुटला नाही.

"चौदा, काका! मग तुमचे ते दोन कुठले?"

"तूच तर म्हणाली होतीस दोन," काटा म्हणाला.

पंधरा दिवस उरले होते. ते त्याने इमानाने काढले. कधी "पाच" म्हणाला, कधी मान खाली घालून "काहीच नाही." लोखंड वाढत गेलं. पण पंधरा दिवसांत माणूस किती वाढणार?

ऑपरेशन झालं, ती घरी आली. पलंगाशेजारी खुर्ची ठेवून काट्याने तिच्या पाठीखाली, गुडघ्यांखाली हात घातले. तिला वीतभर उचललं. खुर्ची अजून हातभर लांब होती, आणि त्याच्या मांड्या थरथरू लागल्या.

ती त्याच्या गळ्याला धरून होती. कानाशीच तिने विचारलं, "अहो, किती शिल्लक?"

'दोन' अगदी जिभेवर आलं होतं.

"एकही नाही," तो म्हणाला. आणि जशी उचलली तशीच अलगद तिला पलंगावर परत ठेवली.

दोघं बराच वेळ धापा टाकत राहिली. तिने तर काहीच उचललं नव्हतं.

"बोलवा त्या तुमच्या पोरीला," शेवटी ती म्हणाली. "दोन महिने तुमचं कण्हणं ऐकलंय तिने. आता ती कसली परकी?"

दुसऱ्या दिवशी मुलीने पायांकडून धरलं, काट्याने पाठीकडून, आणि ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. केस सारखे केले, पदर नीट घेतला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"काय हो, किती भरले मी?"

काट्याने खिडकीबाहेर बघितलं.

"नजर अधू झाली गं आता," तो म्हणाला.