आपाची बोळवण

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. आपाला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, मिरजेत नवऱ्यानं भांडता भांडता तीनदा तलाक म्हटलं आणि लहानग्या पोरीसकट एसटीत बसवून दिलं. ती थेट आमच्याकडं आली. आईबाप कधीच गेले होते. वडूजजवळच्या गावात मी धाकटी, मधला भाऊ आणि भावजय असे राहायचो. वडिलांचं विहिरीवरचं रान भाऊ कसायचा.

भाऊ खरंच संतापला. मिरजेला जाऊन त्याच्या तंगड्याच मोडतो म्हणाला. मग जमातीच्या म्हाताऱ्या पंचांना, आमच्या लांबच्या चाचांना, बोलावून आणलं. रागाच्या भरात म्हटलेलं असं कसं धरायचं, म्हणून मी मध्येच तोंड घातलं, तर मला गप्प केलं. चाचा म्हणाले, वाईट झालं, पण शरियतीपुढं आपलं काही चालत नाही. आपानं मान खाली घातली.

इद्दत, म्हणजे तलाकनंतर बाईनं थांबायची मुदत, तिनं आमच्याच घरात काढली. त्या सगळ्या दिवसांत ती एकदाच हसली. बापाच्या मिळकतीत मुलीला भावाच्या निम्मा वाटा असतो, कुराणातच तसं आहे, असं वडील सांगायचे. ते तिला आठवलं होतं. विहिरीकडंचा तुकडा मिळाला तर तिथं एक खोली घालीन, कोंबड्या पाळीन, भाजी लावीन, पोरीला शाळेत घालीन, असं ती सांगत बसली. काय गोड दिसायची हसताना!

भावाचा चेहराच उतरला. तेच चाचा पुन्हा आले, आमच्याच ओट्यावर बसून चहा प्याले आणि म्हणाले, "आपल्या हिकडं पोरी वाटा मागत न्हाईत गं. मराठ्यांत बघ, जैनांत बघ, कोण मागतंय? गावची रीत हाय ती."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "चाचा, तलाकाला शरियत आन् रानाला गावची रीत, व्हय?"

भावजयीनं मला ओढतच आत नेलं.

वाटा घेतला की माहेर तुटलं, असं गावात सगळेच मानायचे, आणि आपाला माहेरच तेवढं उरलं होतं. रान घेऊन काय करू, भाऊ पाठीशी असला म्हणजे झालं, असं म्हणत ती तलाठ्यापुढं हक्क सोडल्याचा अंगठा उठवून आली.

पुढं सांगलीत मी पुष्कळ भाषणं ऐकली. मुसलमानांचा कायदा त्यांच्यापाशी राहू द्या, असं कुणी म्हणायचं. माणूस म्हणून हक्क सगळ्यांना सारखेच, असं कुणी म्हणायचं. दुसरं मला पटायचं, तरी टाळ्या वाजवायला हात उठायचे नाहीत. डोळ्यांपुढं आपानं अंगठा दिला ती संध्याकाळ यायची आणि जीव तुटायचा.

हक्क सोडणाऱ्या बहिणीला भावानं साडीचोळी द्यायची, हीही रीतच. त्या संध्याकाळी भावानं ती आणली. आपानं हात पुढं केले. तेव्हा तो खाली बघत म्हणाला, आता लय दिवस झाले, उद्या सकाळच्या गाडीनं निघालीस तर बरं.

बहीण सासरी निघाली की आमच्यात अशीच साडीचोळी देऊन तिची बोळवण करतात. आपा ती साडी हातात घेऊन उभीच राहिली.

"आन् कुठं बोळवतोयस रं मला?" तिनं विचारलं.

भाऊ पायताण घालून गोठ्याकडं निघून गेला.