लाइट आल्यावर

आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी शेतकऱ्यांना वाटायची पत्रकं आली. बाबा लिहायचे, आई चुका काढायची, मी घड्या घालायचे. कापसाच्या बीटी बियाण्याच्या पाकिटावर बोंडांनी लगडलेलं झाड असायचं आणि बाबांच्या पत्रकात दरवेळी तोच प्रश्न असायचा: हे पीक कोणत्या रानात घेतलं? ओलिताच्या, की आमच्या कोरडवाहू?

पुढे मी मोताळ्याकडच्या एका हॉटेलात टीव्हीची यंत्रणा सांभाळू लागले. छतावरच्या डिशमधून आलेले चॅनल जिन्याखालचा सर्व्हर सगळ्या खोल्यांना पुरवायचा. प्रत्येक टीव्हीमागे एक छोटा बॉक्स होता. दिवसभर सर्व्हर निवांत असायचा, संध्याकाळी मात्र सगळ्या पडद्यांवर चॅनलऐवजी नुसता लोडिंगचा गोल फिरत बसायचा.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. बियाणं कंपनीने कृषी केंद्रवाल्यांची बैठक ठेवली आणि सगळं हॉटेल भरलं. मालक चाचा म्हणाले, "पोरी, सारे येऊन राह्यले. त्या दिवशी टीव्ही बंद पडले तर हे डबडं भंगारात, अन् तू घरी."

सर्व्हर पुरवणारा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "मॅडम, एवढ्या खोल्यांना तो पुरून उरतो. टेस्ट केलंय आम्ही."

"टेस्ट केली तिथे भारनियमन होतं?"

"ते कशाला असेल?"

माझं मस्तक फिरलं. पुन्हा तेच पाकीट! ज्या रानात कधी पाणी तुटलं नाही, तिथलं पीक आम्हाला दाखवत होते.

फोन झाला त्याच संध्याकाळी भारनियमन संपून लाइट आली तेव्हा मी मुद्दाम सर्व्हरसमोर बसले. आमच्याकडे लाइट गेली की टीव्हीचं बटण कोणी बंद करत नाही. लाइट येताच सगळे बॉक्स एका क्षणी जागे झाले आणि एकदमच सर्व्हरकडे चॅनलची यादी मागू लागले. सर्व्हर गुदमरला. टीव्ही पाहणाऱ्यांचा भार त्याला झेपत होता, ही झुंबड झेपत नव्हती. इथल्या सर्व्हरची क्षमता इथल्या लाइटवर मोजायला हवी होती.

बैठकीच्या संध्याकाळी लाइट गेली. मी आणि झाडलोट करणाऱ्या मावशींनी प्रत्येक मजल्याचा मेन स्विच खाली पाडला. लाइट आल्यावर मी आधी तळमजलाच सुरू केला.

वरून आरडाओरडा सुरू झाला. "का बे, खाली उजेड अन् आम्ही अंधारात?"

चाचा काउंटरवरून ओरडले, "पोरी, वरचे काऊन बंद हायेत?"

"थांबा चाचा. खालचे टीव्ही लागू द्या."

"लागले!" मावशींनी एका खोलीतून आवाज दिला. मी मधला मजला चालू केला. पुन्हा थांबले. मधल्या मजल्यावरून मावशींचा "हाव!" ऐकू आला आणि मी वरचा स्विच चढवला.

वरचा ओरडा हळूहळू विरला आणि त्याच्या जागी बातम्यांचा आवाज आला. एकाही पडद्यावर गोल फिरत नव्हता. मी जिन्यावरच बसले. कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

तेवढ्यात वरून कोणीतरी खेकसलं, "ओ चाचा, रिमोट चालून नाही राह्यला!"

चाचा दचकून माझ्याकडे पाहू लागले. मावशी वर जाऊन आल्या.

"सेल गेले हायेत रिमोटचे," त्या म्हणाल्या.

चाचांनी ड्रॉवरमधून सेल काढून माझ्या हातात ठेवले. "जाय, टाकून ये. अन् उद्या वेळेवर येजो."