खलिफा सिटीत सांगितलेला फुटबॉल

आजवर कुणालाच, बायकोलाही, सांगितलेलं नाही: त्या दुबईच्या सफरीत मी एका केव्हाच वारलेल्या माणसाच्या नावावर खोटं खपवलं.

मंदीचे दिवस होते. शेजारच्या अबू धाबीतल्या खलिफा सिटीमधल्या एका कंपनीनं कर्मचाऱ्यांचं मनोबल वाढवायला मला पुण्याहून बोलावलं. विषय त्यांनीच दिला: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळातला एक खेळाडू, पुढे कोच झालेला. पगाराला पैसे नव्हते, मनोबलाला होते.

उतरलो दुबईतल्या करामा भागात, अँथनीकडे. हा वसईचा, माझा कॉलेजातला दोस्त, त्याच कंपनीत स्टोअर सांभाळणारा. वहिनींनी सुरमईचं कालवण केलं होतं. जेवता जेवता माझ्या स्लाइड्स बघून अँथनी हसत सुटला. मी सगळीकडे गोल चेंडूला लाथ मारणारी माणसं लावली होती.

"अरे पुणेकर, तो फुटबॉल हातात धरून पळतात. लाथ क्वचितच."

"मग त्याला फुटबॉल का म्हणतात?"

"तुला मोटिव्हेटर म्हणतात ना, तसंच."

सकाळी "यल्ला" (चला) म्हणत त्यानं गाडी काढली. शेख झायेद रोडला अर्धवट इमारतींवर क्रेन थांबलेल्या, जणू माणसं चहाला गेलीत. अँथनी तिकडे बघत नव्हता. घर, पोरीची शाळा, सगळं या नोकरीच्या व्हिसावर आहे, एवढंच म्हणाला.

व्याख्यानाआधी मॅनेजरनं बाजूला घेऊन सुचवलं, गोष्टीत माणसांची थोडी छाटणी येऊ द्या. मी वाचलं होतं ते वेगळंच: माणूस कमी पडला तेव्हा हा कोच स्वतः चिखलात उतरला होता. मी सांगितलं, मोठ्या सामन्याआधी त्यानं निम्मा संघ वगळला, आणि वगळलेले मैदानाबाहेर उभे राहून टाळ्या वाजवत होते. हॉलमध्येही टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात अँथनीच्या.

दुपारी त्याला केबिनमध्ये बोलावलं. परतताना गाडीत तो म्हणाला, "खलास." तिकडे हा शब्द साधा आहे, 'झालं' एवढाच. मला मराठीतला ऐकू आला. मग म्हणाला, "पण तुझ्या कोचचं पटलं रे. कुणीतरी बाहेर उभं राहायलाच हवं."

परतीच्या विमानात माझ्या शेजाऱ्यानं मांडीवर घरातला वापरलेला मिक्सर घेतला होता. सुट्टीवर चाललात का, असं मी विचारलं नाही.

अँथनी आता वसईत पोरांना फुटबॉल शिकवतो, गोल चेंडूचा. संघातून वगळलेल्यांना तीच गोष्ट सांगतो, आणि ती बिचारी बाहेर उभी राहून टाळ्या वाजवतात. मी दर नाताळला जातो, केक खातो, गप्प परततो.

त्या कोचनं कुणालाही वगळलं नव्हतं. हे एक वाक्य मी अँथनीचं अजून देणं लागतो.