तोंडात काय घालू नगा

"सिस्टर, ह्यो बगा की!" असं म्हणून मोबाइल थेट माझ्या नाकाशी धरायचा, ही आण्णांची नमस्कार करण्याची पद्धत. मिरजेत मेंदूविकाराच्या ओपीडीत मी वीस वर्षं नर्स आहे. तुम्ही अशा रांगेत कधी बसला असाल, तर असे एक आण्णा तुम्हीही पाहिले असतील. आमचे हे आटपाडीकडचे मेंढपाळ. मालकिणीला फिट यायच्या आणि यांच्या मोबाइलवर व्हिडिओ यायचे.

कुणी कांदा हुंगवा म्हणे, कुणी चप्पल. एकजण एकवीस दिवसांत फिट घालवणारी मुळी विकत होता आणि मागे सनई वाजत होती. मी कपाळावर हात मारून घ्यायची. आण्णा म्हणायचे, "आवं, लाखानं लोकं बगत्यात. येडी हायत व्हय समदी?"

गोळ्यांचं तर विचारूच नका. मेंढीला डोस पाजला, मेंढी उठली, की बाटली बंद. हाच कायदा त्यांनी बायकोलाही लावला. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कराडच्या अंगाला गेले, चार महिने फिट आली नाही आणि यांनी गोळ्या थांबवल्या. "रोग न्हाई, तर अवशीद कशाला?" व्हिडिओवालाही हेच सांगत होता म्हणे.

आठच दिवसांत रानात तिला फिट आली. व्हिडिओत पाहिलं होतं तसा आण्णांनी तिच्या दातांत चमचा घातला. समोरचे दोन दात गेले. ती तोंडाला पदर लावून आली, तेव्हा अख्खी रांग ऐकेल अशी मी आण्णांवर ओरडले. त्यांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "आन् तुमचा व्हिडिओ कुटं हाय?"

मी तावातावानं शोधायला लागले. चांगले होते ते इंग्रजीत. मराठीत एक सापडला, त्यात टाय लावलेले डॉक्टर 'अपस्मार' आणि 'आकस्मिक झटके' असं काहीबाही वाचत होते. आण्णांनी दोन मिनिटं ऐकलं. "ह्यो कुणासंगं बोलतोय?" मला इतका राग आला, पण कुणावर काढणार?

"म्या पडतो, तुमी व्हिडिओ घ्या," म्हणत आण्णा मुंडासं काढून ओपीडीच्या फरशीवर आडवे झाले. मालकिणीनं त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली मुंडासं दिलं. फिट आलेला माणूस बोलत नसतो, हे सांगून मी थकले, पण डोळे मिटून आण्णांचं चालूच. "घड्याळ बगा. पाच मिन्टात थांबली न्हाई, तर दवाखाना गाठा. तोंडात काय घालू नगा. म्या घातलं, हिचं दोन दात ग्येलं. गोळ्या बी म्याच बंद केल्या." रांगेत कुणीही हसलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आण्णा हृदयविकारानं गेले. फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. मालकीण आता एकटीच येते, एकही गोळी चुकवत नाही. आल्यावर आधी मला तो व्हिडिओ लावायला सांगते. परवा शेवटपर्यंत बघून तिनं विचारलं, "उटताना घेतलं न्हाई व्हय, सिस्टर?"

नव्हतं घेतलं. पुढचा पेशंट थांबला होता, म्हणून मीच घाईनं मोबाइल बंद केला होता.