शंभर किलोंची हजेरी

आमच्या मोठ्या दिरांनी आजवर कोणाचा चेहरा नीट पाहिला असेल असं मला वाटत नाही. ते माणसाचे हात पाहतात. मुलासाठी मुलगी बघायला डोंबिवलीला गेलो, तेव्हा आम्ही सगळे तिचं शिक्षण, नोकरी, पत्रिका विचारत होतो. मध्येच तिने माणसं मावेनात म्हणून सोफा सरकवला. परत येताना भाऊजी रिक्षात एवढंच म्हणाले, "अंगठा आत घेते. हो म्हणून टाका." आज ती माझी सून आहे आणि तक्रारीला जागा नाही.

भाऊजी मोहने गावच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. आता कल्याणात आमच्याच सोसायटीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि रोज सकाळी जिमला जातात. माझी कंबर धरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी मला डेडलिफ्ट करायला सांगितलं. जमिनीवरची वजनं लावलेली दांडी धरायची आणि सरळ उभं राहायचं, एवढाच तो प्रकार. मला वाटलं आठवड्यात जमेल. भाऊजींनी तीन आठवडे नुसती मोकळी दांडी धरायला लावली. "पाठीचं नंतर बघू, सुनंदा. आधी हात. तळव्याच्या मधोमध घेतलीस तर खाली घसरताना कातडी सोलून नेईल. बोटांच्या मुळाशी घे." बाजारातून येताना भाजीच्या पिशव्यांचे बंदसुद्धा ते माझ्या बोटांत नीट बसवत. लोक बघत. मी पुढे चालायला लागत असे, कारण थांबलं की कांद्यांवरही धडा सुरू व्हायचा.

त्यांचं शास्त्र ठरलेलं. हलक्या वजनाला दोन्ही तळवे आपल्याकडे. वजन वाढलं की अंगठा दांडीला लावून त्यावर बोटं आवळायची. दुखतं, पण सुटत नाही. बाकी सगळं जिम एक तळवा आपल्याकडे आणि एक समोर करून उचलतं, ते त्यांना अजिबात चालत नसे. "एक हात हो म्हणतोय, दुसरा नाही म्हणतोय. दांडीने कोणाचं ऐकायचं?"

"काका, सगळे असंच मारतात. वजन जास्त जातं," आमचा ट्रेनर म्हणाला.

"जातं ना. आमच्या खात्यातल्या एकाचा दंडही गेला." त्या माणसाचा उलटा धरलेला हात कोपरात जरासा वाकला होता, तेवढ्याने स्नायू तुटून वर गुंडाळला गेला. चादर फाटावी तसा आवाज आला म्हणे. ट्रेनरने त्या दिवसापासून सगळ्यांना कोपर सरळ ठेवायला सांगायला सुरुवात केली.

इतक्या जाणत्या माणसाने एकदा मात्र कमाल केली. जिममधली हाताला लावायची पांढरी पूड संपली होती. भाऊजींनी सोसायटीच्या ऑफिसातून कॅरमची पावडर आणली. पांढरी ती पांढरी, घाम टिपेल, असा सरळ हिशोब. दांडी गुडघ्यापर्यंत आली आणि हातातून अशी सुटली की खालच्या मजल्यावरच्या क्लासची मुलं रस्त्यावर आली.

"अहो भाऊजी, ती सोंगट्या घसरायला असते!"

त्यांनी दोन्ही तळवे पाहिले. "काम चोख करते."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते शंभर किलो उचलत. एकदाच. खाली ठेवून म्हणत, "हजेरी लागली," आणि चहाला जात. कारखाना सुटला तरी हे सुटलं नव्हतं. या वर्षी मात्र उजवा अंगठा मुळाशी सुजला. बरणीचं झाकण उघडेना. अंगठा दाबायची पकड डॉक्टरांनी बंद केली.

"साठ उचला की. कोण विचारतंय?" मी म्हटलं.

"साठ म्हणजे अर्धा दिवस." मग अंगठा चोळत म्हणाले, "हजेरी चुकली की मी घरी बसलेला म्हातारा. इतकंच."



त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही तळवे आपल्याकडे ठेवून. दोन्ही वेळा गुडघ्याशी बोटं उघडायला लागली आणि दोन्ही वेळा त्यांनी दांडी सावकाश खाली ठेवली. "एक हात फिरवा," मी म्हटलं. "कोपराकडे मी बघते." त्यांनी डावा तळवा फिरवला, क्षणभर पाहिला आणि पुन्हा सरळ केला. मग पिशवीतून कापडी पट्टे काढले. मनगटात अडकवून दांडीभोवती गुंडाळायचे, म्हणजे भार बोटांवर येत नाही. ते वापरणाऱ्यांना भाऊजी 'लिफ्टने चढणारे' म्हणत. पट्टे नवे होते, किमतीचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं.

उजव्या हाताला गुंडाळला. डाव्या हाताचा त्या सुजलेल्या अंगठ्याने जमेना. मी जाऊन गुंडाळून दिला.

"घट्ट करू?"

"कर."

शंभर किलो वर आले. ते सरळ उभे राहिले, श्वास सोडला, दांडी खाली ठेवली. चहाचं नाव काढलं नाही. वाकलेले असतानाच, आवाज खाली करून त्यांनी विचारलं, "लागली का?" या माणसाने मला कधी काही विचारल्याचं आठवत नाही.

"लागली," मी म्हटलं.

घरी जाऊन मला कुकर लावायचा होता, सून कामाला निघायची होती. तरी पट्टे मी सावकाश सोडवले.